तळाने पळणारा मासा

सायकल पोलो सुरू करायला काय काय लागतं ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे गैरसमज नको. दोन्हीकडची मिळून सहा माणसं, सहा सायकली, सहा काठ्या, एक चेंडू, दोन गोल आणि सिमेंटची मोठी सपाट जागा. घोडे लागत नाहीत. हे मी जागेच्या परवानगीसाठी गेलो तेव्हा तीन वेळा तोंडी आणि एकदा लेखी सांगितलं. तरी अर्जावर शेरा आला की जनावरांच्या चाऱ्याची व्यवस्था अर्जदाराने स्वतः करावी. मी खाली 'मान्य' लिहून सही केली. चारा आम्हाला परवडणारा होता.

शिरोड्याच्या अलीकडे आमची वाडी. तिथे माझं पर्यटकांना सायकली भाड्याने द्यायचं दुकान आहे. सायकली सात, त्यातल्या चार चालतात, आणि पर्यटक नेमके उरलेल्या तीन मागतात. शेजारच्या घरात योगिनी. शाळेत आम्ही एका वर्गात होतो. ती पहिली यायची, मी नुसता यायचो. पुढे ती पुण्याला कॉम्प्युटरच्या नोकरीला गेली आणि तिथे दर रविवारी एका स्केटिंगच्या मैदानात सायकलवर बसून काठीने चेंडू मारायला शिकली. मी इथेच राहिलो आणि पंक्चर काढायला शिकलो.

गणपतीच्या आधी तिचे वडील पडले. त्यांना सगळी वाडी दाजी म्हणते, म्हणून योगिनीही दाजीच म्हणते. चाळीस वर्षं हलत्या होडीत उभा राहिलेला हा माणूस घरच्या न हलणाऱ्या न्हाणीत घसरला. पायात सळई बसली, होडी विकावी लागली, आणि दाजी अंगणातल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले ते बसलेच. समुद्र घरापासून दीडशे पावलं, पण पाय बरा झाल्यावरही ते तिकडे गेले नाहीत. घरात दुसरं कुणी नाही. योगिनी पंधरा दिवसांसाठी आली होती, तिला सहा महिने झाले. घरूनच पुण्याचं काम करायची.

मी रोज संध्याकाळी तिच्या सायकलीत हवा भरायला जायचो. एवढी हवा एका सायकलीत मावत नाही, पण हे मला कुणी विचारलं नव्हतं.

त्या शुक्रवारी मी हवा भरत असताना बापलेकीचं भांडण चाललं होतं. कंपनीचं पत्र आलं होतं की एक तारखेपासून पुण्याला ऑफिसात या, नाहीतर राजीनामा द्या. घरून करता येईल असं दुसरं काम योगिनीने बघूनही ठेवलं होतं. अडचण दाजींची होती.

"तू पुण्याक जा," दाजी म्हणाले.

"माका हंय रवाचा आसा."

"हंय रवान काय करतलंस? माझ्या तोंडाकडे बघत बसतलंस? ह्यां तोंड मी सदुसष्ट वर्सां बघतंय. तेच्यात काय बदल होणा नाय."

"दाजी, तुमचो पाय..."

"पायाक काय झाला? माझो पाय माझ्याकडेच आसा. तो काय तुझ्यावांगडा पुण्याक येवचो नाय."

मग त्यांनी मोबाइल काढला, हात लांब धरला, डोळे बारीक केले आणि एक व्हिडिओ लावून तिच्यापुढे केला. मला पंपामागून दिसत होतं. पुण्याचं मैदान, हेल्मेट घातलेली योगिनी सायकलीसकट आडवी पडली होती, पाय वर, आणि हसत होती. नुसती हसत नव्हती, हसून हसून तिचा आवाज बंद पडला होता.

"ह्यां कोण?" दाजींनी विचारलं.

"मी."

"आणि हसता तां कोण?"

"मीच."

"सा महिने झाले. हंय अशी एकदा तरी हसललंस?"

योगिनीने मोबाइल हाताने बाजूला सारला. मी पंप मारायचा थांबलो, कारण तो मध्येच फार निर्लज्ज वाजत होता.

"जंय हसतंस थंय जा," दाजी म्हणाले आणि मोबाइल खिशात टाकला. विषय संपला, असा त्याचा अर्थ.

पण योगिनी त्यांचीच मुलगी. "थंय खेळ आसा म्हणान हसतंय," ती म्हणाली. "खेळ हंय इलो तर?"

"हंय खंयसून येतलो? एसटीन?"

"मी हाडतंय."

दाजी तिच्याकडे बराच वेळ बघत राहिले. होडीवरचा तांडेल आभाळाकडे बघतो तसे. मग म्हणाले, "बरां. तुझो खेळ हंय उभो कर. आपापसात टोले मारूक नको, खरी खेळणारी माणसां भायरसून हाड. तेंच्यावर गोल मार. एक. एकच. गोल झालो तर रव. नाय झालो तर एक तारखेच्या आधी पुण्याची गाडी."

"शब्द?"

"शब्द. ह्यो साक्षीदार." त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "हवा भरता तो."

एक तारखेला अकरा दिवस होते.

योगिनीने त्याच रात्री गोव्याला फोन लावला. पुण्यातल्या एका स्पर्धेत तिची सावियो नावाच्या खेळाडूशी ओळख झाली होती, त्याचा तिघांचा संघ होता. पुढच्या रविवारी मैत्रीचा सामना खेळायला या, आमच्याकडे क्लब आहे, असं तिने सांगितलं. खोटं म्हणता येणार नाही. क्लबात त्या वेळी ती होती, मी होतो आणि माझा पंप.

दुसऱ्या दिवसापासून सामान जमवायला लागलो. काठीचं असं आहे की तिचा दांडा हलका आणि मजबूत लागतो. परदेशात म्हणे बर्फावर घसरायच्या जुन्या काठ्या वापरतात. आमच्याकडे बर्फ फक्त मासळीवर असतो. म्हणून आंबे काढायच्या झेल्यांच्या ॲल्युमिनियमच्या नळ्या घेतल्या. दांड्याच्या खालच्या टोकाला वीतभर लांबीचा जाड प्लास्टिकचा पाइप आडवा बसवायचा, हातोड्यासारखा. नळपाणी योजनेचा काळा पाइप वाडीत पाणी सोडून बाकी सगळ्या कामांना वापरला जातोच, त्याचे तुकडे मिळाले.

"नीट ऐक," योगिनी म्हणाली. शिकवताना ती पुस्तकी मराठीत बोलते, शाळेतही तसंच करायची. "गोल मारताना चेंडूला पाइपाचं गोल टोक लागलं पाहिजे. हातोडीने खिळा ठोकतो तसं. पाइपाच्या लांब कुशीने ढकलून गोल केला तर तो धरत नाहीत."

"कित्याक?"

"कारण तसं कुणालाही जमतं."

मला तसंच जमत होतं.

सायकलीची तयारी सोपी निघाली. एका हातात काठी असते, म्हणून ब्रेक एकच ठेवायचा आणि तो काठी नसलेल्या हाताखाली घ्यायचा. माझ्या सायकलींना मुळात एकच ब्रेक लागायचा. गिअर असा हवा की पाय भराभर फिरावेत आणि सायकल सावकाश जावी. माझ्या सायकलींबद्दल पर्यटकांची हीच तक्रार होती. चाकाच्या तारांत काठी अडकू नये म्हणून चाकं झाकावी लागतात. त्यासाठी एक जुना वाढदिवसाचा फ्लेक्स कापला. त्यावर वाडीतल्या एका भावी सरपंचाचा हात जोडलेला फोटो होता. कापताना चेहरा माझ्या पुढच्या चाकाला आला आणि जोडलेले हात मागच्या. सायकल चालू झाली की भावी सरपंच आधी गरगर फिरायचे आणि मागून नमस्कार करायचे.

हेल्मेट योगिनीचं खरं होतं. माझं क्रिकेटचं, समोर जाळीवालं.

राहिली जागा. आमच्याकडे तेवढी मोठी सिमेंटची जागा एकच, जेट्टीजवळचा मासळी वाळवायचा ओटा. परवानगीचा कागद माझ्याकडे होता, पण ओट्यावर चालते मथुरामावशीची. दिवसभर तिचा जवळा तिथे वाळतो, उन्हं उतरली की ती गोळा करते. मावशीने कागद उलटसुलट बघितला आणि त्यात जवळा बांधला.

"खेळा," ती म्हणाली. "पण आधी झाडूचा, मगे परत झाडूचा. आणि माझो एक जरी जवळो चाकाखाली इलो तर तुमका दोघांकय वाळत घालतलंय."

आम्ही ओट्याच्या चारी कडांना मासळीचे निळे क्रेट लावले, चेंडू बाहेर जाऊ नये म्हणून. मधोमध कडेला एक बांबू रोवून त्याला तेलाचा रिकामा डबा टांगला. कारण या खेळातला मुख्य नियम असा की पाय जमिनीला लागता कामा नये. लागला तर तुम्ही खेळातून बाद, आणि डब्याशी जाऊन काठीने तो वाजवून आलात की पुन्हा आत. पहिल्या संध्याकाळी मी तो डबा इतक्या वेळा वाजवला की पलीकडच्या वाडीतली माणसं रेशन आलं समजून पिशव्या घेऊन आली.

मथुरामावशी कडेला बसून बघत होती. दहा मिनिटांनी तिला राहवलं नाही.

"मेल्या स्वरूपा, सायकलीर बसलंहस काय पाळण्यात? सारखो पाय कित्याक टेकतंस?"

"मावशी, एका हातान सायकल, एका हातान काठी, तोल जाता."

"तोल जाता?" तिने माझ्याकडे अशा दयेने बघितलं की मीच माझी कीव केली. मग उठली, आपली सायकल घेतली, मागे मासळीचा क्रेट बांधलेला तसाच, आणि माझ्या हातातली काठी ओढून घेतली.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. मथुरामावशी बावीस वर्षं सायकलवरून दारोदार मासे विकते. मागे पंधरा किलो मासळी आणि प्रत्येक वाडीत त्या मासळीची वाट बघणारे चार कुत्रे. त्यामुळे गेली बावीस वर्षं तिचा डावा हात हँडलवर आणि उजव्या हातात काठी असते. कुत्रा डावीकडून आला तर डावीकडे, पुढून आला तर पुढे, आणि पाय टेकायचा नाही, कारण टेकला की पोटरी गेली.

ती ओट्यावरून एक गोल फिरली, चेंडूकडे कुत्र्याकडे बघावं तसं बघितलं आणि काठी फिरवली. चेंडू क्रेटांवरून उडून माडांत गेला.

"सोपा आसा," ती म्हणाली. "ह्यां उलटा चावणा नाय."

योगिनी माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "आमचो संघ झालो."

गोल मात्र अजून नव्हते. सांगाडे मी पाइपांचे केले होते, सहा फूट रुंद, तीन फूट उंच. योगिनी पडवीतून एक जुनं जाळं घेऊन आली आणि अंगणात ते सांगाड्याला सुतळीने बांधायला लागली. दाजी खुर्चीवरून बघत होते. सहा महिन्यांत त्यांनी जाळ्याला हात लावला नव्हता. मी बघत होतो, त्यांचा अंगठा आपोआप हलत होता.

"तां काय करतंस?" शेवटी ते म्हणाले.

"जाळा बांधतंय."

"जाळा बांधतंस? माका वाटला आजारी माणसाक पट्टी बांधतंस. हाड हंय."

तिने सांगाडा त्यांच्यापुढे ठेवला. दाजींनी जाळ्याचा डोळा दोन बोटांनी ताणून बघितला.

"मासो केवढो?"

योगिनीने चेंडू त्यांच्या हातात दिला.

"पळता खंयसून? वरसून काय तळासून?"

"तळासून. जमनीर सरपटत."

"उडता?"

"कधी कधी."

"थव्यान येता काय एकटो?"

"एकटोच. एकच चेंडू आसता, दाजी."

दाजींनी चेंडूकडे जरा हळहळून बघितलं. "एका माशासाठी दोन जाळी," ते म्हणाले. "आणि म्हणे खेळ." मग जाळं विणायची लाकडी सुई मागवली.

पाच दिवस त्यांनी कुणाला जवळ येऊ दिलं नाही. जेवायला बोलावलं तर म्हणायचे, "हात रिकामो नाय." सहाव्या दिवशी जाळी तयार झाली. आता आपण टीव्हीवर गोलाचं जाळं बघतो, ते मागे हातभर लोंबत असतं, एवढंच. दाजींच्या गोलामागे बारा फूट शेपूट होतं. आत गेलं की जाळं हळूहळू निमुळतं होई, मध्ये एक गळा, आणि गळ्याच्या पलीकडे पुन्हा ऐसपैस खोली. चाळीस वर्षं ज्या माणसाने जाळं एकाच हेतूने विणलं त्याला दुसरं सुचणार कसं? आत आलेलं बाहेर जाता कामा नये.

"दाजी, एवढां लांब कित्याक?" योगिनीने विचारलं.

"मासो आत इल्यार तेका वाटाक व्हया, अजून फुडे समुद्र आसा."

त्या शुक्रवारी उन्हं उतरल्यावर जाळी ओट्यावर लावली. पहिला चेंडू आत गेला तो काढायला वीस मिनिटं लागली. तो काढेपर्यंत ओट्यावरचा एक कुत्रा कुतूहलाने दुसऱ्या गोलात शिरला. तो रात्रीपर्यंत तिथे होता. सुरुवातीला भुंकला, मग त्याने परिस्थिती स्वीकारली. मथुरामावशी म्हणाली असू दे, बावीस वर्षांत पहिल्यांदा एक कमी आहे. दाजींनी घरून निरोप पाठवला की जाळं कापायचं नाही, सोडवायचं. योगिनी म्हणाली, दुसरी जाळी करायला वेळ नाही. आणि खरं सांगायचं तर त्या पाच दिवसांत दाजी दोन वेळा शिट्टी वाजवताना ऐकू आले होते. त्यानंतर ती जाळी बदला म्हणायची कुणाची छाती होती?

रविवारी चार वाजता गोव्याची पिकअप आली. सावियो, त्याची बहीण आणि एक दाढीवाला, जो दिवसभरात एकदाही बोलला नाही. त्यांच्या सायकली खास याच खेळासाठी बांधलेल्या, काठ्या काळ्या चकचकीत, हातमोजे, गुडघ्याला गाद्या. सावियोने आमचा ओटा बघितला, निळे क्रेट बघितले, मथुरामावशीच्या सायकलमागचा क्रेट बघितला. मग गोलामागचं बारा फुटी शेपूट बघून तो थांबला. त्याने वाकून आत डोकावलं, पण डोकं आत घातलं नाही.

"बरें आसा," तो सावधपणे म्हणाला.

पंच दाजी. ही योगिनीची अट होती. ज्याचा शब्द, त्यानेच बघायचं. दाजी म्हणाले, चालत येणार नाही, लोक बघतात. मग मी बर्फाची हातगाडी आणली, तिच्यावर त्यांची प्लास्टिकची खुर्ची ठेवली, खुर्चीवर दाजींना बसवलं आणि ढकलत ओट्यावर नेलं. सहा महिन्यांनी त्यांनी समुद्र बघितला. समुद्राकडे बघून ते फक्त "हां" म्हणाले. पत्ता विचारून झाल्यावर म्हणतात तसं. मग खेळाकडे वळले. योगिनीने त्यांना नियम आठवडाभर शिकवले होते आणि ते त्यांनी पाठ केले होते. पाय टेकला, डबा. टोकाने मारला, गोल. कुशीने ढकलला, गोल नाही. बारा मिनिटं, किंवा कुणाचे पाच होईपर्यंत.

पहिल्याच मिनिटात सावियोने गोल मारला. मी तेव्हा डब्याकडे चाललो होतो. दुसरा गोल झाला तेव्हा मी डब्याकडून येत होतो. चेंडू जाळ्यातून काढायला दर वेळी एवढा वेळ लागत होता की दाजींनी घड्याळ थांबवायची पद्धत सुरू केली. शेवटी योगिनीचा दुसरा चेंडू घेतला आणि पहिला जाळ्यातच राहू दिला.

"पाय!" दाजी ओरडायचे. हा आवाज एके काळी वाऱ्यावरून दुसऱ्या होडीपर्यंत जायचा. ओट्यावर तो ऐकून सावियोचाही पाय दोनदा विनाकारण टेकला.

मथुरामावशी मात्र खेळली. सावियोची बहीण चेंडू घेऊन निघाली की मावशी शेजारी जाऊन तिच्याच वेगाने चालवायची आणि म्हणायची, "सुरमय घेतंस गो? सकाळची आसा." ती बिचारी वळून बघायची तेवढ्यात चेंडू मावशीकडे. एकदा मावशीचा फटका गोलाच्या पाइपाला लागून परत आला आणि सगळी वाडी, जी एव्हाना माडांखाली जमली होती, एका सुरात हळहळली. योगिनीचे दोन फटके दाढीवाल्याने अडवले. ती चांगली खेळत होती, पण दात आवळून. मी तिच्याकडे बघत होतो, म्हणून मला माहीत आहे. ती एकदाही हसली नव्हती.

चार–शून्य झाले. अकरा मिनिटं संपली.

दाजी घड्याळाकडे बघत होते. मला वाटलं, जरा जास्तच बघत होते.

शेवटच्या मिनिटात मावशीने दाढीवाल्याच्या पुढून चेंडू ओढला आणि योगिनीकडे मारला. योगिनीवर दोघे धावून आले. तिने मान वर केली आणि ओट्यावर एकच माणूस मोकळा दिसला. तो मी होतो. मी मोकळा होतो कारण मला अडवायची गरज आतापर्यंत कुणाला वाटली नव्हती.

"स्वरूपा!" ती ओरडली आणि चेंडू माझ्यापुढे आला.

समोर गोल, मध्ये कुणी नाही. मी काठी उचलली. टोकाने, टोकाने, असं मी स्वतःला बजावत होतो. काठी खाली आली आणि चेंडूला लागली ती पाइपाची कूस. चेंडू काठीला चिकटून पुढे सरकायला लागला, मी त्याच्यामागे, वेग वाढला, मी ब्रेक दाबला. तो पर्यटकांना माहीत असलेला ब्रेक होता.

चेंडू, मी आणि सायकल एकत्रच गोलात गेलो. सायकल आडवी झाली, मी तिच्यापुढे घसरत गळ्यातून पलीकडच्या खोलीत पोहोचलो. तिथे चेंडू माझ्याआधी पोहोचला होता. आत शांत होतं. जाळं छान विणलेलं होतं, हे मला पहिल्यांदाच जवळून दिसलं. माझ्या पायाशी सायकलचं पुढचं चाक हवेत फिरत होतं आणि भावी सरपंच गरगर फिरून माझ्याकडे आश्वासक बघत होते.

बाहेर गलका झाला. माडांखाली लोक नाचत होते. त्यातून योगिनीचा आवाज आला.

"नाय! गोल नाय! बाजूक लागलो चेंडू!"

"गप रव गो!" मथुरामावशी किंचाळली. "शिरा पडो तुझ्या बाजूर! आत गेलो मा?"

"मावशी, नियम आसा. टोकान लागाक व्हयो. ढकललो तेना. मी बघितलंय."

"तुका पुण्याक जावचा आसा?"

"नाय जावचा. पण गोल नाय तो."

सावियो अवघडून म्हणाला की ती म्हणते ते खरं आहे, चेंडू कुशीने गेला. पण गडबड दिसते, तर आम्ही काही बोलणार नाही. सगळे दाजींकडे बघायला लागले. दाजी हातगाडीवर खुर्चीत ताठ बसले होते. मी आतून त्यांना चौकटीचौकटीत बघत होतो. नियम त्यांना पाठ होते.

योगिनी माझ्याकडे आली. गोलासमोर उकिडवी बसली. तिचे डोळे भरले होते, आणि ते मला दिसू नयेत म्हणून ती रागावली होती.

"लागला काय?"

"नाय."

"मगे भायर ये."

"वाट गावणा नाय."

"जंयसून गेलंस थंयसून ये."

"थंय कुत्रो इलोहा."

खरंच आला होता. तोच, शुक्रवारी जाळ्यात अडकलेला. तो गळ्याच्या तोंडाशी, पण या वेळी शहाणपणाने बाहेरच्या बाजूला, बसला होता आणि माझ्याकडे एका अनुभवी माणसाच्या नजरेने बघत होता. मग त्याने मोठी जांभई दिली आणि पुढचे पाय पसरले. सावकाश होऊ दे, असं त्याचं म्हणणं दिसलं.

योगिनीच्या तोंडातून आधी एक बारीक आवाज आला. मला वाटलं रडतेय. मग ती मागे बसली. मग पाठीवर पडली, सिमेंटवर, हेल्मेटसकट, पाय वर, आणि हसायला लागली. हसली हसली आणि शेवटी आवाजच बंद झाला, नुसती थरथरत होती. मथुरामावशी तिला बघून हसायला लागली, सावियोची बहीण काठीला टेकून हसायला लागली. दाढीवाल्याने तोंड दुसरीकडे फिरवलं, पण खांदे हलत होते.

दाजी गोलाकडे बघत नव्हते. ते ओट्यावर आडव्या पडलेल्या त्या मुलीकडे बघत होते.

"गोल," ते म्हणाले.

योगिनी उठून बसली. डोळे पुसत म्हणाली, "दाजी, पण नियम..."

"नियम माका शिकव नको," दाजी गरजले. "चाळीस वर्सां जाळा टाकलंय. जाळ्यात गावला तां गावला. माशाक कोण इचारता, तू तोंडान इलंस काय कुशीन इलंस?"

सावियोने हेल्मेट काढलं, डोकं खाजवलं आणि गंभीरपणे मान हलवली.

"म्हजो शापाय रांपणकार आशिल्लो," तो म्हणाला. शापाय म्हणजे आजोबा, आणि रांपणकार म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणारा. "हे सांगतात तें बरोबर आसा."

चार–एक. उरलेले वीस सेकंद कुणी खेळलं नाही.

सावियोने पिकअपमधून सुरी आणली, मला काढायला. दाजींनी ती दुरूनच बघितली. "जाळा कापूचा नाय!" असं ओरडून ते हातगाडीवरून उतरले, स्वतःचे स्वतः, आणि लंगडत, पण चालत, गोलापर्यंत आले. लोक बघत होते. त्यांना ते आठवलं नाही. कुत्र्याला बाजूला सारून ते सिमेंटवर बसले आणि गळ्याच्या गाठी एकेक करून सोडवायला लागले. बाकीची मंडळी क्रेटांवर बसून चहा प्यायला लागली. मावशी सावियोला सुरमई विकत होती. मला जाळीतून एक बिस्कीट देण्यात आलं.

"एक तारीख कधी?" दाजींनी गाठीवरची नजर न काढता विचारलं.

"परवा. मंगळवारी."

"योगिनीक सांग, मंगळवारी बांगडे हाड म्हणान. तिखलां करूया."

"सांगतंय."

आणखी दोन गाठी सुटल्या. त्यांची बोटं भराभर चालत होती, आणि तरी मला वाटतं, त्यांना हवं असतं तर याहून लवकर झालं असतं.

"आणि तू," ते म्हणाले. "तिच्या सायकलीत आता हवा पुरे झाली."

मी आत पडल्या पडल्या उरलेलं बिस्कीट तोंडात टाकलं. जाळ्यातल्याने बोलू नये.

"उद्या पंप हाड नको," दाजी म्हणाले. "नुसतो ये. सावियोक अशीच दोन जाळी व्हयी आसत. दोरो धरूक कोणतरी लागतलो."